गप्पी मासे पाळायचेत? आधी पाणी मुरू द्या

मुलीच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही शनिवारी संध्याकाळी काचेची टाकी आणली, रात्री नळाचं पाणी भरलं आणि त्यातच दहा गप्पी सोडले. बुधवारपर्यंत सात गेले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "पाणी बदलून टाका." मी सगळं पाणी बदललं आणि उरलेल्या तिघांपैकी दोन नर दुसऱ्या सकाळी तळाशी पडलेले दिसले. राहिली एकटी मादी. मुलीने तिचं नाव ठेवलं होतं, त्यामुळे टाकी माळ्यावर टाकता येईना. पंधरा दिवसांनी त्या टाकीत बावीस पिल्लं होती. नर एकही नाही आणि पिल्लं बावीस! सहा महिन्यांनी मासे शंभराच्या पुढे गेले, तेव्हा मी लोकांच्या दारोदार फिरत होतो, "गप्पी घेता का गप्पी?"

या सगळ्यात मी जे उलटं केलं ते सुलट क्रमाने खाली देतोय. गप्पी जगवणं खरंच सोपं आहे. चुकतो तो आपला क्रम.

१. आधी मासा कोण आहे ते बघा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. पण गप्पीच्या मूळ घराची माहिती झाली की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

गप्पी मूळचा त्रिनिदाद बेटावरचा आणि शेजारच्या वेनेझुएला, गयाना भागातला. गावसकरांनी १९७१ साली पहिली कसोटी खेळली ते पोर्ट ऑफ स्पेन याच बेटावर. बेटाच्या उत्तरेला डोंगररांग आहे. तिच्यातून उतरणाऱ्या ओढ्यांमधल्या संथ डोहांत, काठाच्या उथळ पाण्यात हा मासा राहतो. शेवाळ, बारीक किडे, किड्यांच्या अळ्या, वरून पडलेलं फळ, काहीही चालतं. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ साली वेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याला 'पोइसिलिया रेटिक्युलाटा' हे शास्त्रीय नाव दिलं. 'गप्पी' हे नाव मात्र रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या त्रिनिदादमधल्या निसर्ग-अभ्यासकावरून आलं. त्यांनी तिथले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली अल्बर्ट गुंथर यांनी त्या माशाला त्यांचं नाव दिलं. पीटर्सचं नाव आधीचं असल्यामुळे गुंथरचं बाद झालं, पण लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला. मराठीत त्याचा गप्पांशी संबंध नाही, हे आमच्या मुलीला अजून पटलेलं नाही.

या ओढ्यांत धबधबे आहेत. धबधब्याच्या खाली पाइक सिक्लिडसारखे मोठे शिकारी मासे असतात, आणि ते गप्पींना गिळतात. वर त्यांना चढता येत नाही. वर असतो तो रिव्ह्युलस नावाचा लहान मासा, जो फार तर छोट्या गप्पींना खातो. त्यामुळे एकाच ओढ्यात दोन तऱ्हेचे गप्पी सापडतात. खालचे नर मळकट, लपून राहणारे, तर वरचे नारिंगी-निळ्या ठिपक्यांनी भरलेले. खालच्या माद्या लवकर वयात येतात आणि लहान आकाराची, पण जास्त पिल्लं देतात. वरच्या माद्यांचं सगळं सावकाश चालतं, पिल्लं कमी पण मोठी.

हे खरंच शिकाऱ्यांमुळे घडतं का, हे जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी तपासलं. १९७६ साली त्यांनी खालचे गप्पी उचलून धबधब्याच्या वर, जिथे गप्पी नव्हते तिथे सोडले. दोनेक वर्षांतच तिथल्या नरांचे ठिपके संख्येने आणि आकाराने वाढले. अकरा वर्षांनी, म्हणजे गप्पींच्या तीस ते साठ पिढ्यांनंतर, डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी मोजलं तर माद्यांचं वयात येणंही बदललेलं होतं. उत्क्रांती लाखो वर्षं घेते असं आपण शाळेत पाठ केलं. हा मासा ती एका माणसाच्या नोकरीच्या काळात करून दाखवतो.

आता आपल्या टाकीचं बघा. तुमची टाकी म्हणजे धबधब्याच्या वरचा डोह, शिकारी नसलेला. तिथे पिल्लांची संख्या आवरायला तुमच्याशिवाय कोणी नाही. हे आत्ताच लक्षात ठेवा, नवव्या पायरीत याचं काम पडणार आहे.

२. सामान

- टाकी: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. साधारण ५५ लिटर पाणी बसतं. गोल बाऊल नको.
- स्पंज फिल्टर आणि तो चालवायला एअर पंप. मोठ्या पॉवर फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात.
- ५० वॅटचा हीटर आणि थर्मामीटर. मुंबई-कोकणात हीटर बहुतेक लागत नाही. पुणे, नाशिक, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत लागतो.
- टाकीला झाकण. गप्पी उडी मारतात.
- अँटी-क्लोरीनचे थेंब.
- अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचं टेस्ट किट.
- फक्त माशांसाठी ठेवलेली बादली आणि पाणी ओढायचा पाइप. साबण लागलेली बादली कितीही धुतली तरी नको.
- झाडं: हॉर्नवर्ट, जावा मॉस किंवा गप्पी ग्रास. खरीच, प्लास्टिकची नकोत.
- बारीक जाळी.

यात एकाच गोष्टीवर पैसे वाचवू नका, ती म्हणजे टेस्ट किट. दिव्याचे रंग, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, रंगीत खडे हे सगळं नंतर घेता येतं.

भरलेली टाकी काच आणि खड्यांसह सत्तर किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या प्लायवूडच्या फळीवर ती ठेवू नका. थेट ऊन येणाऱ्या खिडकीतही नको, पाणी हिरवं होतं. हीटरबद्दल एक सक्त सूचना: पाणी काढण्याआधी प्लग काढा. कोरडा पडलेला गरम हीटर तडकतो, आणि त्यानंतर कोणी पाण्यात हात घातला तर शॉक बसू शकतो.

३. पाणी मुरवणं

माझे सात मासे इथेच मेले.

मासे शरीरातून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी आहे. मुरलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी, तो रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतो. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे जिवाणू विकत घेतलेल्या कोऱ्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वसतात. लोणच्यासारखंच आहे, घाई केली की बुरशी.

करायचं असं. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर सुरू करा. मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाका. ते कुजेल, अमोनिया तयार होईल. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागला की टाकी तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. घरात लहान मूल असेल तर हे आठवडे कठीण जातात, पण झाडं लावायचं काम त्याला देऊन टाका.

कोणा ओळखीच्याकडे चालू टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि आपल्या टाकीत पिळा. वेळ बराच वाचतो. पिळताना काळं पाणी येईल, तेच हवंय.

इथले सापळे:

सगळं पाणी एकदम बदलू नका. मी तेच केलं होतं. अमोनिया गेला खरा, पण तापमान आणि पाण्याचा स्वभाव एका झटक्यात बदलला, आणि क्लोरीन मी काढलाच नव्हता.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळा.

पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे खरं. पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग, असेल तर तो असा जात नाही. थेंब वापरा. थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच.

आरओचं पाणी नको. "आपण पितो ते शुद्ध पाणी माशांना" हा प्रेमळ गैरसमज आहे. गप्पीला क्षारयुक्त, थोडं जड पाणी मानवतं, पीएच ७ ते ८. बोअरचं पाणी, ज्याने आपल्या गिझरचं वाटोळं होतं, गप्पींना बहुधा छान चालतं.

४. मासे निवडणं

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, इतर शहरांत पेठेतली दुकानं. रंग बघण्याआधी टाकी बघा. एकही मेलेला मासा तरंगत असेल तर त्या टाकीतलं काही घेऊ नका. शेपटी मिटून, एका जागी थरथरणारा मासा आजारी असतो. दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. जो धावत येतो तो घ्या.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. नर लहान, रंगीत, शेपटीवाला. मादी मोठी, फिकट, पोट गोल. पक्की खूण पोटाखालच्या पराची. मादीत तो पंख्यासारखा त्रिकोणी असतो, नरात तो लांबट काडीसारखा. त्याच काडीने तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डागही दिसतो.

एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या. नर दिवसभर मादीच्या मागे असतात, पाठ वाकवून नाचत. दोन नर आणि एक मादी ठेवलीत तर ती बिचारी महिन्याभरात खंगते. सुरुवातीला दोन नर, चार-पाच माद्या पुरे. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर घ्या. रंगही तेच, डोकेदुखी शून्य. बहुतेक नवख्यांना मी आता हेच सुचवतो. कोणी ऐकत नाही.

भल्यामोठ्या शेपटीचे, हत्तीच्या कानांसारखे बाजूचे पर असलेले 'डंबो' असे महागडे गप्पी पहिल्याच खेपेला नकोत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात जुळवल्याने ते नाजूक झालेले असतात. 'एंडलर' म्हणून विकले जाणारे छोटे मासे ही वेनेझुएलातली जवळची वेगळी जात आहे, जॉन एंडलर यांच्याच नावाची. गप्पींशी त्यांचा सहज संकर होतो, तेव्हा दोन्ही एकत्र ठेवू नका.

आणि फुकटचे गप्पी? जिल्हा हिवताप कार्यालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची गप्पी मासे पैदास केंद्रं असतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते हौदात सोडायला मासे देतात. दिसायला साधे, पण काटक. माझी आजची टाकी बहुतांशी त्यांच्याच वंशाची आहे. फक्त घेताना ते गप्पीच आहेत ना हे बघा. गॅम्बुसिया नावाचा मासाही याच कामासाठी वापरला जातो. तो करडा, नरही रंगहीन, आणि स्वभावाने भांडखोर, इतरांचे पर कुरतडतो.

५. घरी सोडताना

पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच-सात मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, असं अर्धा तास. मग मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं नाही.

६. रोजचं आणि आठवड्याचं

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं. गप्पी नेहमीच उपाशी असल्यासारखे काचेपाशी येतात. भुलू नका. आठवड्यातून एक दिवस उपास. कोरड्या खाण्याबरोबर कधी उकडलेल्या वाटाण्याचा गर, कधी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव), कधी डासांच्या अळ्या. आजोबांना सांगून ठेवा की पोळीचा तुकडा टाकायचा नाही.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. तापमान २४ ते २८ अंश. एप्रिल-मेमध्ये पाणी बत्तीसच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे वर येऊन धापा टाकतात. झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅन पाण्यावर सोडा.

७. पिल्लं

आता त्या बावीस पिल्लांचं कोडं. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात महिनोन् महिने साठवून ठेवते आणि एका मीलनावर अनेक वेती देते. दुकानात नर-मादी एकत्र असतात, म्हणजे तुम्ही आणलेली मोठी मादी बहुधा आधीच भरलेली असते.

गप्पी अंडी बाहेर घालत नाही. अंडी पोटातच फळतात, गर्भ बलकावर वाढतो आणि साधारण चार आठवड्यांनी जिवंत, पोहणारं पिल्लू बाहेर येतं, ६ ते ८ मिलिमीटरचं. पहिलटकरीण पाच-दहा देते, मोठी मादी पन्नासही देते. आईपण तिथेच संपतं. समोर आलेलं पिल्लू आई खाऊन टाकते. यात क्रौर्य शोधू नका, तिच्या दृष्टीने ते हलणारं खाणं आहे.

दिवस भरल्याची खूण म्हणजे पोटाचा डाग गडद होणं, पोट समोरून चौकोनी दिसणं, मादीचं कोपऱ्यात एकटं राहणं. या वेळी लोक तिला प्लास्टिकच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडतात. मी दोनदा केलं. एकदा मादी गेली, एकदा पिल्लं अर्धवट वाढलेली, बलकाची पिशवी लोंबणारी निघाली. त्यापेक्षा टाकीत झाडांची दाटी करा, वर तरंगणारा हॉर्नवर्टचा गुंता ठेवा. पिल्लं उपजत तिकडे धावतात. काही जगतील, काही खाल्ली जातील, आणि खरं सांगायचं तर तेवढीच जगलेली बरी.

सगळी वाचवायची असतील तर जन्मल्यावर पिल्लं वेगळ्या टाकीत काढा. चुरलेलं खाणं दिवसातून चार-पाचदा, अगदी थोडं. उकडलेल्या अंड्याचा बलक देतात, पण त्याने पाणी एका दुपारीत नासतं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास नर पिल्लांचा खालचा पर टोकदार व्हायला लागतो. तेव्हाच नर वेगळे करा. दीड-दोन महिन्यांत भावंडं भावंडांशी जुळलेली असतात आणि मग मोजणी हाताबाहेर जाते. त्रिनिदाद-बार्बाडोसकडे या माशाला 'मिलियन्स' म्हणतात, ते उगाच नाही.

८. आजार

मासा आजारी दिसला की आधी पाणी तपासा, औषध नंतर. निम्मे आजार पाणी सुधारल्यावर थांबतात. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तापमान हळूहळू २९-३० वर न्या, हवा वाढवा आणि दुकानातून व्हाइट स्पॉटचं औषध आणा. पर मिटलेले असतील तर आयोडीन नसलेलं खडे मीठ लिटरमागे एक ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला. गप्पी मीठ चांगलं सोसतो, झाडं तितकं सोसत नाहीत. गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं काही लोंबताना दिसलं तर ते जंत आहेत, तिथे मीठ चालत नाही. पशुवैद्याला विचारून जंताचं औषध घ्या. नवीन मासे पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवले तर यातलं बरंच घरात येतच नाही.

९. जास्तीचे मासे

आता तो शिकारी नसलेला डोह.

शंभर गप्पी झाल्यावर डोक्यात पहिला विचार येतो तो नदीचा. "मोकळे सोडू, पुण्य लागेल." अजिबात सोडू नका. नदीत नको, तळ्यात नको, देवळाच्या कुंडात नको, पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या विहिरीत नको, गटारात तर नकोच, कारण गटार ओढ्याला मिळतं. गप्पी शहरी सांडपाण्यातही तगतो. एक भरलेली मादी नव्या पाण्यात आख्खी वसाहत उभी करू शकते, हे आमच्या टाकीने दाखवलंच. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची अंडी-पिल्लं आणि खाणं यावर परक्या माशाचा भार नको. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडचा पँचॅक्स हा छोटा देशी मासाही आहे. गोव्यात मलेरियाच्या डासांविरुद्ध त्याच्याच कुळातला अॅप्लोकायलस ब्लोकी वापरून पाहिलेला आहे.

मग करायचं काय? सोसायटीचं बंद कारंजं, बागेतला सिमेंटचा हौद, गोठ्याजवळची पाण्याची टाकी, जिथून पाणी बाहेर वाहून जात नाही तिथे गप्पी सोडायला हरकत नाही. दुकानदार निरोगी मासे बदल्यात खाणं देऊन घेतात, पैसे मागू नका. पैदास केंद्रात आधी फोन करून विचारा. आणि माद्या-नर वेगळ्या टाक्यांत ठेवायला लागा, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न. साठवणीमुळे वेगळी केलेली मादीही काही महिने पिल्लं देत राहील, तेव्हा पहिल्याच महिन्यात "उपाय फसला" म्हणू नका.

मासे द्यायला निघताना आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, एका पिशवीत सहा-सात मासे. पिशवीचे कोपरे रबरने बांधा, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. उन्हात डिकीत ठेवू नका. आणि घेणाऱ्याला विचारा, टाकी कधी भरली? "कालच" असं उत्तर आलं तर पिशवी परत घरी आणा आणि महिन्याभराने न्या.